एमसीआर चप्पल: नऊ महिने घालून पाहिल्यावर

बधिर पायांसाठी करतात ती ही मऊ रबराची चप्पल दिसायला वाईट आहे, ते आधीच सांगून टाकतो. काळा जाड तळ, त्यावर बोटभर जाडीचं मऊ रबर, पुढे दोन रुंद पट्टे आणि टाचेमागून एक. साळ्याच्या पोरीच्या लग्नात घालून गेलो तर साळा म्हणाला, "भाऊजी, दवाखान्यातून सरळ इकडंच आले का?" पण नऊ महिने झाले, माझ्या पायात दुसरं काही नाही, आणि या नऊ महिन्यांत पायाला एकही जखम नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत तीन झाल्या होत्या.

मी एसटीत कंडक्टर होतो. एकोणतीस वर्षं. त्यातली बरीचशी परतवाडा-धारणी मार्गावर, घाटात उभं राहून तिकिटं फाडण्यात गेली. साखर निघाली त्याला चौदा वर्षं झाली. रिटायर झालो, दोन एकर संत्र्यात लक्ष घातलं, आणि तळपाय हळूहळू बधिर होत गेले. बधिर म्हणजे काय, हे ज्याचे पाय शाबूत आहेत त्याला समजावणं कठीण आहे. दुखत नाही, हीच तक्रार. उन्हाळ्यात एकदा बागेत ओलित करून आलो, न्हाणीत पाय धुवायला गेलो, आणि मागून बायको किंचाळली. ओट्यापासून न्हाणीपर्यंत फरशीवर लाल ठसे. चपलेच्या तळातून चुका, म्हणजे बारीक खिळा, वर आला होता आणि तो टाचेत घेऊन मी सकाळपासून बागेत हिंडत होतो. ती जखम भरायला तीन महिने लागले.

मग अमरावतीच्या एका मोठ्या दुकानातून 'डायबेटिक' म्हणून साडेअठराशेची चप्पल आणली. दुकानदाराने अंगठ्याने तळ दाबून दाखवला, "पाहा, लोणी आहे लोणी." आतून मऊ होतीच, खोटं कशाला बोलू. पण पट्टा करंगळीला घासत होता आणि ते मला कळत नव्हतं. आठव्या दिवशी फोड. आता आठवतं, त्या दुकानात अर्धा तास बसलो होतो आणि एकानेही माझ्या पायाकडे पाहिलं नव्हतं. नंबर विचारला, बस.

ही चप्पल करणाऱ्या मास्तरांचं नाव आमच्या गावच्या आशाताईंनी सांगितलं. मी म्हणालो, "ते महारोग्यांच्या चपला करतात तेच ना?" ताई म्हणाली, "हाव, तेच. काका, पाय बधिर तो बधिर. कशानं झाला ते चपलेले काय समजते?"

परतवाड्याहून चांदूर बाजारकडे जाताना एका खेड्यात टिनाची खोली आहे. पाटी नाही. मास्तरांनी नाव लिहू नका म्हणून सांगितलं आहे, त्यामुळे लिहीत नाही. पण त्या भागात कोणत्याही आशाताईला विचारलं तर ती सांगेल. खोलीत लाकडाचे फर्मे, रापी, आऱ्या, सोल्युशनचे डबे, भिंतीला टेकवून ठेवलेल्या रबराच्या शीटा. चर्चचं कॅलेंडर, आणि तळहाताएवढा लाकडी क्रूस, त्यालाच मोजमापाची टेप लटकवलेली. मास्तर साठीच्या पुढचे, सडपातळ, सतत खोकणारे. खोकल्याचं पुढे सांगतो.

मी नंबर सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "चप्पल काढा पहिले. दोन्ही."

मग ते खाली जमिनीवर बसले. मी वर बाकावर. प्लास्टिकच्या टबात पाणी होतं, त्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं, कारण बधिर पायाला पाणी कढत आहे की कोमट ते कळत नाही. आणि माझे पाय धुतले. मी पाय ओढून घेतला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा माणूस. "राहू द्या मास्तर, मी धुतो." ते म्हणाले, "तुम्ही धुतले तं मले काय दिसन? धुता धुताच तं पाहणं होते." बोटांच्या मधल्या फटी फडक्याने एकेक करून टिपल्या. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी कडक झालेली कातडी होती, तिथे त्यांचं बोट थांबलं. "इथं भार येते. इथंच फुटन, आज नाई तं उद्या."

नंतर एक दांडी काढली, टोकाला नायलॉनचा जाडसर धागा. हा धागा दहा ग्रॅम दाब पडला की वाकतो. डोळे मिटायला लावतात, तळव्यावर एकेका जागी टेकवतात, आणि लागलं की हो म्हणायचं. दहा जागांपैकी मी तीनदा हो म्हणालो. त्यातल्या एका वेळी त्यांनी धागा लावलाच नव्हता. हसले नाहीत, मान खाली घातली एवढंच. मग कागदावर पाय ठेवून पेन्सिलने आखला, शाई लावून ठसा घेतला. जिथे शाई गडद तिथे भार जास्त. या सगळ्याला पाऊण तास लागला, आणि माझ्यामागे चार जण बसले होते.

आता चपलेबद्दल. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, आत हवेचे बारीक बारीक बुडबुडे. अंगठ्याने दाबलं की दबतं आणि सोडलं की परत वर येतं. फोमसारखं पार तळाला जात नाही. त्याखाली कडक तळ, म्हणजे बाभळीचा काटा आरपार येत नाही. आमच्याकडे धुऱ्यावर बाभूळ असतेच, त्यामुळे हा मोठा मुद्दा आहे. संपूर्ण चपलेत एकही खिळा नाही, एकही चुका नाही. तळ चिकटवलेला, पट्टे शिवलेले. मागचा पट्टा कशाला, तर बधिर पायातून चप्पल निसटली तरी माणसाला पत्ता लागत नाही, तो तसाच पुढे चालतो. माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी, जिथे त्यांचं बोट थांबलं होतं, तिथलं रबर त्यांनी खालून किंचित कोरून दिलं आहे. वरून दिसत नाही.

ही विद्या कुठली, तर मास्तर एकदम वेल्लोरला पोचतात. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तोवर लोक समजत की कुष्ठरोगात बोटं सडून झडतात. ब्रँड साहेबांनी दाखवून दिलं की बोटं रोग खात नाही. दुखणं कळेनासं होतं, म्हणून माणूस भाजतो, कापतो, त्याच जखमेवर चालत राहतो, आणि त्याने हातपाय जातात. म्हणजे रोगावर औषध आणि पायाला चप्पल, दोन्ही पाहिजे. औषध आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. पण मेलेली नस परत येत नाही. रोग बरा झालेला माणूस जन्मभर बधिर पायांनीच चालतो. मास्तर हे सांगतात तेव्हा ब्रँड साहेब जणू त्यांच्याच गल्लीत राहत होते असं वाटतं. स्वतः मास्तर हे काम एकोणिसाव्या वर्षी एका मिशन दवाखान्याच्या चप्पल विभागात शिकले, ज्याच्याकडून शिकले तो कारागीरही जुना रुग्णच. त्याची बोटं आखूड, पण रापी मास्तरांपेक्षा सरळ चालायची म्हणे.

आपल्या विदर्भाला खरं तर हे नवं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन १९४६ चं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन १९४९ चं. अचलपूरशेजारी कोठाऱ्याला मिशनचा कुष्ठरोग दवाखाना तर आमच्या आज्याच्या तोंडी असायचा. आम्ही या ठिकाणी पोरांच्या सहली नेतो, सतरंज्या विकत घेतो, हात जोडतो. आणि महारोगी गाडीत शेजारी बसला की जागा बदलतो.

जागा बदलतो हे मी दुसऱ्याचं सांगत नाही. धारणीच्या गाडीवर असताना असे प्रवासी असायचे. मी त्यांचे पैसे हातात घेत नसे. "सीटवर ठेव," म्हणायचो, आणि तिकीट टोकाला धरून वरून सोडायचो. एकदा पावसाळ्यात एकाच्या पायाला पट्टी होती, वास येत होता, गाडीत ओरडा झाला. मी बेल मारली आणि त्याला मधल्याच एका फाट्यावर उतरवलं. त्याच्यासोबत एक माणूस होता, धडधाकट, पुढचं तिकीट काढलेला. तो काही बोलला नाही. छत्री उघडली आणि त्याच्यासोबत उतरला. मी डबल बेल दिली.

चप्पल घ्यायला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मास्तर पट्टा बांधता बांधता म्हणाले, "तुम्ही धारणीच्या गाडीवर होते ना?" माझ्या पोटात खड्डा पडला. म्हणालो, होतो. "मंग बराबर. उभं राहून राहून टाचीवर भार पडला तुमचा." एवढंच. तो छत्रीवाला माणूस हेच का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. अजून झालेली नाही.

पाय स्वतः का धुता, पोरगं ठेवा की हाताखाली, असं एकदा विचारलं. त्यांनी येशूच्या शेवटच्या जेवणाची गोष्ट सांगितली. जेवणावरून उठून त्याने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. पेत्र माझ्यासारखाच पाय ओढून घेत होता. मी ती गोष्ट ऐकून होतो, पण एक गोष्ट लक्षात आली नव्हती. म्हटलं, ज्याने पकडून दिलं तो यहूदाही तेव्हा तिथेच बसलेला असेल ना? "होता ना. त्याचे बी धुतले." आणि दोरा दाताने तोडून पुढच्या पट्ट्याला लागले. मला वाटलं पुढे काही सांगतील. नाही सांगितलं. धर्माबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलं ते इतकंच. बरेच लोक विचारतात म्हणून लिहितो: तिथे कोणाला प्रार्थनेला बसवत नाहीत, पत्रकं देत नाहीत. माझ्या बाजूला एक मुसलमान आजीबाई होत्या, त्यांचेही पाय तसेच धुतले.

तक्रारीही आहेत, आणि त्या कमी नाहीत.

पहिली, वेळ. पाय पाहायला एक खेप, चप्पल घ्यायला दुसरी, आणि मधे पंधरा दिवस. रबराची शीट बाहेरून येते, संपली की महिना. रविवारी बंद. गुरुवारी ते सायकलवर डोंगराकडच्या गावांना जातात, ज्यांना यायला जमत नाही त्यांची मापं घ्यायला, त्यामुळे त्या दिवशी गेलात तर कुलूप. मला कोणी सांगितलं नव्हतं, एक खेप फुकट गेली. फोन ते उचलत नाहीत, हात सोल्युशनने माखलेले असतात.

दुसरी, काळी माती. पावसाळ्यात वावरात ही चप्पल घालून गेलात तर तळाला दोन-दोन किलो चिखल येतो. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "चिखलात कायले जाता?" शेतकऱ्याला असं विचारणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. पट्ट्यांच्या चिकटपट्टीत (वेल्क्रोत) गोखरू आणि कुसळं अडकतात, मग ती चिकटत नाही. मी नंतर बकलचे पट्टे लावून घेतले, ते बरे. सोल्युशनचा वास आठवडाभर जात नाही. आणि सहा-सात महिन्यांत रबर बसतं. तेव्हा तळ बदलून घ्यावाच लागतो, चप्पल वरून चांगली दिसते म्हणून चालवू नका. अंगठ्याने दाबून पाहा, वर आलं नाही तर संपलं.

नवी चप्पल पहिल्या दिवशी फक्त एक तास घालायची, काढायची, आरशाने तळवा पाहायचा. दुसऱ्या दिवशी दोन तास. ही शिस्त मी पाळली नाही तर मास्तर खरोखर रागावतात, एरवी नाही. माझी परीक्षा बहिरमच्या यात्रेत झाली. दुपारपासून रात्रीपर्यंत धुळीत हिंडलो, रोडगे खाल्ले, हंडीतलं मटण खाल्लं (साखरेचं सोडा, बहिरमला साखर मोजत नसतात), घरी येऊन आरसा लावून पाहिला. साधा लाल डागही नाही.

आता पैशाचं. इथे मला मास्तर अजिबात पटत नाहीत.

चपलेची किंमत विचारली की ते रबराचे सांगतात. माझ्या वेळी तीनशे वीस. मजुरी तुमच्या मनाने डब्यात टाका. कुष्ठरोगी असेल तर तेही नाही. मी हजार दिले, त्यांनी पाचशे परत केले. मी चिडलो. पाऊण तास पाय पाहिला, दोन दिवस शिवलं, अमरावतीला याचे दोन हजार घेतील. ते म्हणाले, "तुमचे जास्ती घेतले, तं पुढच्या टायमाले तुमचा नंबर आंधी लावा लागन. मंग तो बाकावरचा कुठं जाईन?" बाकावर तेव्हा पायाला फडकी गुंडाळलेला एक कोरकू म्हातारा झोपला होता. वादात ते जिंकले. पण वाद त्यांनी घरी जाऊनही जिंकला असेल असं मला वाटत नाही.

कारण मागच्या खोलीत काकू आहेत. पहिलं दुकान बाजारात होतं. शाळेचे बूट, बायकांच्या चपला, यात्रेच्या आधी तर उसंत नसायची. मग महारोगी ओट्यावर बसायला लागले आणि बाकीची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. मालकाने खोली खाली करायला लावली. दुसऱ्या ठिकाणी नळावर पाणी भरू देईनात. हे तिसरं. सोल्युशनच्या वाफेने छाती भरली आहे, डॉक्टरांनी ते काम बंद करा म्हणून सांगितलं आहे. मास्तर दार उघडं ठेवून काम करतात, हाच त्यांचा उपाय. पोरगा पुण्याला असतो, दर दिवाळीला न्यायला येतो आणि एकटाच परत जातो. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं लांबलं. का, तर ज्या ज्या वेळी पैसे जमले त्या त्या वेळी रबराची शीट आली. हे काकूंनी मला सांगितलं, मास्तरांसमोर, मास्तर ऐकत असताना. ते खाली पाहून पट्टा शिवत राहिले.

"देवाले द्याचं ते हे देते," काकू म्हणाल्या. "दुकानाचं भाडं देव भरत नाई. मी भरतो."

त्या मूगवड्या, सांडया, पापड करून विकतात. गच्चीवर नाही, टिनावर वाळत घालतात. मास्तर स्वतःचं जे देतात त्याबद्दल मी काय बोलू, मी डबल बेल देणारा माणूस. पण त्यांच्या देण्यातला अर्धा वाटा काकूंच्या खिशातून जातो आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. हे मी मास्तरांना बोललो. ते बराच वेळ गप्प बसले, खोकले, आणि म्हणाले, "खरं आहे." पुढच्या महिन्यात गेलो तर नवी शीट आलेली होती. पण भिंतीवर कॅलेंडरखाली काकूंच्या ऑपरेशनची तारीखही लिहिलेली होती, आणि ते झालं. हिरव्या चष्म्यात बसून त्या वड्या तोडत होत्या.

चपलेला पाचपैकी पाच. दुकानाला चार. तो एक कुठे कापला, ते लक्षात आलं असेल.

जाणार असाल तर गुरुवार, रविवार सोडून जा. जुनी चप्पल सोबत न्या, कुठे झिजली ते त्यांना पाहायचं असतं. घाई असेल तर जाऊच नका. डब्यात ते घेतील तेवढेच टाका, हुज्जत घालू नका. मग निघताना मागच्या दाराने जा आणि मूगवड्या मागा. मी अर्धा किलो घेतल्या आणि मजुरीचे राहिलेले पाचशे काकूंच्या हातात ठेवले. त्यांनी एक शब्द न बोलता मोजले, पदराला गाठ मारली, आणि दाराकडे पाहत म्हणाल्या, "त्यायले सांगू नका. सांगतलं तं उद्या अजून एक शीट येईन."

वड्या चांगल्या आहेत. तिखट जरा जास्त.